सांडव्यातले दगड

काशीराम तांब्यांनी बंधारा विकत घेतला, असं खालच्या वाडीत अजून म्हणतात. खरं तर त्यांनी जमीन घेतली होती. विहीर घेतली की आतलं कासवही आपलंच होतं, तसा तो बंधारा आपोआप त्यांच्याकडे आला. पण लोकांना जमीन दिसलीच नाही, दिसला तो बंधारा.

तळेकोंड हे राजापूरपासून बरंच आत, डोंगराला टेकलेलं गाव. गावाच्या वर कातळाचा लांबलचक सडा आहे. पावसाळ्यात सड्यावरचं सगळं पाणी एका व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, खाली येतं, आणि कातळात ते जिरत नसल्यामुळे येतं तेव्हा एकदमच येतं. व्हाळाच्या तोंडाशी खालची वाडी आणि तिची भातखाचरं. पूर्वी पाऊस फार झाला की लावलेलं भात मुळासकट वाहून जायचं. म्हणून तेव्हाच्या जमीनमालकाने मधल्या उतारावर, स्वतःच्या जागेत, मातीचा बंधारा घातला. बंधारा लहानच. या टोकाला उभं राहून हाक मारली तर त्या टोकाच्या माणसाला ऐकू जाते. पाणी साठवणं हे त्याचं काम नव्हतं. लोंढा अडवून धरायचा आणि तळाच्या मोरीतून हळूहळू सोडायचा, एवढ्यासाठी तो होता. मोरीला झेपलं नाही तर जादा पाणी बाजूच्या सांडव्यातून निघून जाई. दिवाळीनंतर त्याच्या पोटात गुरं चरत.

बौद्धवाडी या सगळ्यापासून बाजूला, उंचावर आहे. बंधारा फुटला तर खालची वाडी जाईल, बौद्धवाडीच्या अंगणालाही पाणी लागणार नाही. जुना मालक गेला, त्याची मुलं पुण्यात स्थिरावली आणि त्यांनी जमीन विकायला काढली. ती घेतली बौद्धवाडीच्या काशीरामकाकांनी. त्या आठवड्यात एसटीच्या थांब्याजवळच्या टपरीवर कोणीतरी म्हणालं, "घ्या. आता आपल्या डोक्यावरच्या पाण्याची चावी तांब्यांच्या हातात."

बोलणाऱ्याने खोचकपणे म्हटलं, पण काशीरामकाकांचा सगळा जन्म चाव्या फिरवण्यातच गेला होता. मिसरूड फुटायच्या वयात ते मुंबईला गेले आणि पुढे पाणीखात्यात चावीवाले झाले. रस्त्यातलं लोखंडी झाकण उघडायचं, लांब दांड्याची चावी आत घालायची, या गल्लीचं पाणी बंद करून त्या गल्लीचं सुरू करायचं. या कामात त्यांच्यावर विश्वास ठेवणारा माणूस त्यांना भेटला नाही. या चाळीला वाटे, तो त्या चाळीला जास्त पाणी देतो. त्या चाळीला वाटे, याला कोणीतरी खिशात घातलंय. कोणी हसून चहा पुढे केला की काकांच्या मनात पहिला प्रश्न येई, याला काय हवंय? पुष्कळदा त्याला काहीतरी हवंच असे. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा सामान थोडं होतं, पण ही सवय सोबत आली. त्यांच्या पत्नी चंपाकाकू म्हणत, "यांना देवमाणूस जरी भेटला ना, तरी हे आधी त्याच्या पाठीमागं कोण उभं आहे ते बघतील."

जमीन त्यांनी काजू लावायला घेतली. पहिल्याच मे महिन्यात बंधाऱ्यावरची झुडपं तोडली, सांडवा साफ केला, घुशींची बिळं माती ठोकून बुजवली, खचलेल्या जागी भर घातली. खालच्या वाडीतून हे सगळं दिसत होतं. दिसलं ते असं, की तांबे बंधाऱ्याची उंची वाढवतायत. का वाढवतायत, याची उत्तरं टपरीवर तयार झाली. एकाच्या मते मत्स्यशेती, दुसऱ्याच्या मते मुंबईच्या पार्टीला हॉटेल बांधून द्यायचंय. नेमकं काय ते ठाऊक नव्हतं, पण कुठेतरी पाणी मुरतंय याबद्दल एकमत होतं.

त्यांच्यात सगळ्यात मोठा आवाज सुहास नवाळ्याचा. चाळिशीतला, कामसू गडी. वाडीत त्याची काजू फोडायची छोटी गिरण होती. ती जमीन त्यालाही हवी होती, आणि हे सगळ्या गावाला माहीत होतं. तो एकदा दोघातिघांना घेऊन वर आला.

"तांबेकाका, उद्या हा फुटला तर जबाबदार कोण?"

"मी. मालक मी हाय ना."

"मंग कचेरीत जाऊन तसं लिहून देता?"

काका तालुक्याला जाऊन आलेच होते. तिथे त्यांना सांगितलं होतं की बंधारा सरकारी नाही, खासगी आहे, त्याची देखभाल मालकानेच करायची. त्यांनी तसं सांगितलं. सुहास म्हणाला, "म्हणजे तुमच्यावर भरवसा ठेवायचा." आणि हसला. ते हसणं काकांच्या डोक्यात राहिलं.

पहिला पावसाळा पार पडला. दुसऱ्या पावसाळ्यात आषाढ लागला आणि एक दिवस काकांना सांडव्यात दगड दिसले.

वाहून आलेले दगड कसेही पडतात. हे तसे नव्हते. एकाला एक टेकवून, फटींत माती आणि पाला दाबून बसवलेले होते. सांडव्याचं तोंड अर्धं बंद झालं होतं. काकांनी ते काढून बाजूला फेकले. दोन-चार दिवसांनी पुन्हा तसेच. पुन्हा काढले, पुन्हा आले.

मातीच्या बंधाऱ्याला पाण्याच्या वजनापेक्षा माथ्यावरून जाणाऱ्या पाण्याचं भय जास्त. सांडवा तुंबला की पाणी माथ्यावर चढतं, आणि एकदा का ते माती खात खाली उतरलं की खेळ संपला. हे खालच्या वाडीलाही ठाऊक होतं. मग स्वतःच्या डोक्यावर दगड कोण मारून घेईल? काकांनी हिशेब लावला. बंधारा फुटावा असं वाटणारा माणूस पाहिजे. बंधारा फुटला तर तांब्याचं नाव जाईल, तांबे जमीन सोडून मुंबईला पळेल, आणि जमीन कोणाला मिळेल?

ते काजूतल्या खोपीत बसून राखण करू लागले. पाऊस असला तरी डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन जात. आणि एका सकाळी त्यांना सुहास दिसला. हातात पहार. सांडव्याशी वाकून तो काहीतरी करत होता. मग त्याने खिशातून मोबाईल काढला, दगडांचे फोटो काढले आणि इकडेतिकडे बघत खाली उतरला.

घरी येऊन त्यांनी चंपाकाकूंना सांगितलं.

"दगड ठेवताना बघितलंत?" काकूंनी विचारलं.

"पहार होती हातात."

"पहारेनं दगड काढतात पण. मी विचारते, ठेवताना बघितलंत?"

काका तसेच बाहेर पडले. टपरीवर गर्दी होती. सुहास तिथेच होता. सगळ्यांसमोर काका म्हणाले, "सुहास, जमीन पायजे होती तर सरळ मागायची होतीस. सांडव्यात दगड घालून सोताच्या वाडीला बुडवतोस?"

सुहासने हातातला ग्लास बाकावर ठेवला. मग तो उठला.

"मी? अवो, मी पहारेनं दगड हलवून बघितले, फोटो काढून ठेवलेत. तुमीच पाणी साठवायला दगड घालताय म्हणून! शहाण्या माणसानं आधी आरोप करावा, म्हणजे आपल्यावर येत न्हाय. व्हय ना?"

दोघांनी एकमेकांवर त्याच दगडांचा आळ घेतला होता. पण त्या क्षणी हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण दोघांनाही समोरचा नाटक करतोय असंच वाटलं. "यांच्या हातात पाणी दिलं की असंच व्हायचं," असं मागून कोणीतरी हळूच बोललं. 'यांच्या' म्हणजे कोणाच्या, ते काकांना विचारावं लागलं नाही. त्यांनी मागे वळून बघितलं. कोणी नजर दिली नाही. त्या दिवसापासून खालच्या वाडीतलं माणूस तांब्यांच्या दारात आलं नाही, आणि तांब्यांचं वाडीत गेलं नाही.

जुलै संपत आला होता. तीन-चार दिवस पाऊस ओतत होता. दुपारी काका बंधाऱ्यावर गेले तर पाणी माथ्याला हात लावण्याइतकं वर आलेलं. ते सांडव्याकडे धावले. सांडवा पुरता बंद होता. दगड, त्यांवर वाहून आलेल्या फांद्या, फांद्यांत अडकलेला पाला, सगळ्याचा एक घट्ट बुचडा झाला होता. त्यांनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून फांद्या ओढायला सुरुवात केली. एक ओढली की दोन येऊन अडकत.

चंपाकाकू पाठोपाठ आल्या होत्या. पाणी बघून त्या काही विचारायला थांबल्या नाहीत. तशाच पायवाटेने खाली पळत सुटल्या. वाडीत जाऊन दारोदार सांगू लागल्या, "पोरंबाळं घेऊन शाळेकडं चला, बंधाऱ्याचा भरवसा न्हाय." तिथेही पहिल्या घरातून प्रश्न आला, "तुमीच फोडताव काय?" काकू म्हणाल्या, "फोडायचा असता तर सांगायला आले असते का गो? चल, ऊठ."

वर काकांना बंधाऱ्यावर पावलं ऐकू आली. सुहास येत होता. मागे त्याच्या वाडीतला बाळा नवाळे, दोघांच्या हातात पहार आणि टिकाव. काका पाण्यातून बाहेर आले आणि वाट अडवून उभे राहिले.

"पहार खाली ठेव."

"काका, सरका."

"आधी ठेव खाली. काय करायला आलायस?"

सुहास पावसात ओरडून बोलत होता. "सांडवा आता मोकळा व्हायचा न्हाय! पलीकडच्या टोकाला कापूया. तिथं खाली कातळ हाय, माती न्हाय. पाणी कातळावरून दुसऱ्या घळीत जाईल, बंधारा वाचंल!"

काकांनी त्या टोकाकडे बघितलं. सुहास सांगत होता ते बरोबर असू शकत होतं. पण कातळ आणि घळ यांच्यामध्ये काकांची काजूची सगळी नवी कलमं उभी होती. पाणी तिकडून गेलं की एक वाचणार नव्हतं. त्यांना वाटलं, हा बंधारा वाचवायला आलाय की माझी बाग घालवायला?

तेवढ्यात बंधाऱ्याच्या मध्यावरून पाण्याची एक पातळ चादर पलीकडे सरकली. दिसायला काहीच नव्हती. पण पलीकडे उतरली ती लालभडक होऊन. माती जायला लागली होती.

"चल," काका म्हणाले.

तिघे पलीकडच्या टोकाला पोचले. सुहासने पहार वर उचलली, आणि तशीच थांबवली. ती काकांसमोर धरली.

"पहिला घाव तुमी घाला."

"का?"

"उद्या म्हणाल, नवाळ्यानं फोडला. बंधारा तुमचा, तुमीच पहिला घाव घाला. बाळा, मोबाईल काढ. व्हिडिओ घे."

एवढ्या पावसातही काकांना त्या माणसाचा राग आला, आणि रागाच्या पोटात कुठेतरी तो पटलाही. कारण त्यांच्याही मनात तेच चाललं होतं. त्यांनी पहार घेतली. बाळाने हाताच्या आडोशाला मोबाईल धरला. काकांनी घाव घातला, मग सुहासने, मग बाळाही मोबाईल खिशात टाकून टिकाव घेऊन आला. चर पडला. पाणी आधी बोटाएवढं निघालं, मग पायाएवढं, मग मातीचे लगदे घेऊन कातळावर आदळायला लागलं आणि कलमांच्या रांगांत शिरलं. काका बघत उभे होते. बांबूच्या आधारकाठ्या एकेक करून आडव्या झाल्या. काही वेळाने बंधाऱ्याच्या मध्यावरचं पाणी उतरलं. तिथे मातीला खोल ओरखडा पडला होता, पण बंधारा उभा होता.

"सांडव्यात दगड कोणी घातले ते मंग बघू," सुहास जाताना म्हणाला. त्याचा सूर बदललेला नव्हता.

खालच्या वाडीत दोन खाचरांत गाळ आला, तेवढाच. माणसं, गुरं, घरं, सगळं वाचलं. पण वाचल्याचा आनंद फार टिकला नाही. टपरीवर आता एकच प्रश्न, दगड कोणाचे?

श्रावणात एके दुपारी गोदूबाई नवाळे तांब्यांच्या दारात आल्या. सुहासच्या चुलत घरातल्या, एकट्या राहणाऱ्या, पार वाकलेल्या बाई. पदराखाली एक तवसं होतं, हातभर लांब काकडी. ते चंपाकाकूंच्या हातात देऊन त्या ओट्यावर बसल्या. पाणी प्यायल्या. मग काशीरामकाकांना म्हणाल्या, "काशीराम, ते दगड माझे."

काकांना आधी कळलंच नाही.

गोदूबाईंची खाचराची एकच पट्टी होती, ती सांडव्याच्या पाण्याच्या वाटेवर. दरवर्षी ते पाणी पट्टीची कड खात होतं. या दोन वर्षांत, काकांनी सांडवा साफ केल्यापासून, जास्तच खायला लागलं. दोन दगड टाकले तर पाणी मोरीतून जाईल आणि पट्टी वाचेल, असं त्यांना वाटलं. काका दगड काढत आणि बाई परत ठेवत. सकाळी फुलं काढायला म्हणून जात, कोणी बघितलं तरी कोणाला काही वाटत नसे. त्या ओतत्या पावसातही त्या गेल्या होत्या.

"बंधारा फुटला असता!" काका ओरडले. "तुमचंच घर पयलं गेलं असतं! मला सांगायचं न्हाय? मी वाट वळवून दिली असती पाण्याची!"

"तुला कशी सांगू? वाडीत ठरलं होतं, तांब्याकडं जायचं न्हाय. आणि तू ऐकशील असं कोण म्हणालं होतं?"

"मंग सुहासला सांगायचं."

"तो म्हातारीला वेडी म्हणाला असता."

चंपाकाकूंनी तवसं चिरून मीठ लावून आणलं. तिघांनी ते खाल्लं. निघताना गोदूबाई म्हणाल्या, "आता सांग काय ते सगळ्यांना." त्या गेल्यावर काका काकूंना म्हणाले, "सांगितलं तर वाडी हिला जगू द्यायची न्हाय."

संध्याकाळी ते टपरीवर गेले. सुहास होता, नेहमीची मंडळी होती. काका उभ्यानेच बोलले. "सुहासनं सांडव्यात दगड घातले असं मी इथं बोललो होतो. ते खोटं होतं. त्यानं घातले न्हायत. मी चुकलो."

बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मंग कोणी घातले?"

"मला कळलंय."

"कोण?"

"ते मी सांगणार न्हाय."

बाकावरची माणसं एकमेकांकडे बघू लागली. जो माणूस नाव सांगत नाही, त्याचं स्वतःचंच नाव असतं, हा निकाल काका घरी पोचायच्या आत लागला होता. दुसऱ्या दिवशी सुहास एकटा वर आला.

"मला तरी सांगा, काका."

"न्हाय."

"मंग मी काय समजायचं?"

"तुला काय समजायचं ते समज."

सुहासने तेच समजलं, जे सगळ्यांनी समजलं.

पाऊस गेल्यावर काकांनी बंधारा दुरुस्त केला. चर पाडलेल्या टोकालाच जांभ्याचे चिरे बसवून नवा सांडवा केला, जुना बुजवला आणि पाणी कातळाच्या बाजूला काढलं. गोदूबाईंची पट्टी वाचली. यातही लोकांना काळंबेरं दिसलं. एवढा खर्च करून हा पाणी तिकडे का नेतोय? वाडीने बैठक घेऊन ठरवलं की पावसाळ्यात रोज दोन माणसं बंधाऱ्यावर फेरी मारतील. तांब्यांवर सोडून चालणार नाही. निरोप घेऊन आलेल्यांना वाटलं होतं, काका भडकतील. काका म्हणाले, "मारा की. पण फेरीत मी पण असणार. तुमच्यावर सोडून माझं पण चालणार न्हाय."

तेव्हापासून तशी फेरी होते. पावसात तीन माणसं बंधाऱ्यावरून चालतात. एक बीळ शोधतो, दुसरा त्या शोधणाऱ्याकडे बघतो. त्यामुळे एकही बीळ सुटत नाही. सांडव्यात साधी फांदी अडकली तरी तिघांच्या नजरेला पडते. सुहासची पाळी आठवड्यातून एकदा असते.

गोदूबाई मागच्या शिमग्याआधी गेल्या. त्यानंतरच्या पहिल्या फेरीला, बाळा पुढे गेलेला बघून, ते दगड कोणाचे होते ते काकांनी सुहासला सांगितलं. सुहास चालायचा थांबला.

"काकी? कायतरीच."

"चंपाला विचार. तिच्या समोर बोलल्या होत्या."

सुहास पाण्याकडे वळला. मग म्हणाला, "राग मानू नका, काका. पण मेलेल्या माणसावर घालणं सोपं असतं."

काकांनी राग मानला नाही. ते म्हणाले, "मला पण तुझ्या जागी असंच वाटलं असतं."

सुहास त्यांच्या घरी गेला. चंपाकाकूंनी त्याला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. परत वर न येता तो थेट गोदूबाईंच्या पट्टीवर गेला. बंधाऱ्यावरून काका बघत होते. त्याने खाल्लेली कड पायाने दाबून बघितली, मग वाकून हाताने. तिथे जुन्या सांडव्याच्या वाटेत, बाईंनी आणून ठेवलेल्या दगडांचा एक ढीग गवतात पडला होता. सुहासने एक दगड उचलला. म्हाताऱ्या बाईला उचलवेल असा होता, मोठा नव्हता. त्याने तो परत होता तिथे ठेवला.

खालूनच त्याने हाक मारली, "काका, मोरी गाळानं भरलीय. उद्या येतो साफ करायला."

"ये," काका म्हणाले, "मी असेनच."